येत्या वर्षासाठी चित्रांचं काय ठरवताय? माझा कागद अजून कोराच आहे

कौलारू_अनगोळ

नमस्कार सगळ्यांना. डिसेंबर संपत आला की मी दरवर्षी एक कागद घेऊन बसते, पुढच्या वर्षी चित्रांचं काय काय करायचं ते लिहायला. यंदा तो कागद चार दिवस तसाच पडलाय, म्हणून इथं विचारते.

आधी थोडं माझं सांगते. वय ३६, बेळगावच्या शहापुरात एका सोसायटीत कॅशला बसते, दहा ते सहा, मार्च एंडला आठ वाजतात. शाळेत लोअर आणि हायर दोन्ही ड्रॉईंगच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढं आर्टलाच जायचं होतं पण घरी बी.कॉम.चं ठरलेलं होतं. सात वर्षांपूर्वी परत रंग हातात घेतले, वॉटरकलर, आणि तेव्हापासून सोडलेले नाहीत.

मागच्या वर्षी मी दहा गोष्टी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. रोज एक स्केच, महिन्याला दोन मोठी पेंटिंग, फिगर म्हणजे माणसं काढणं सुधारणे, ऑईल शिकणे, इन्स्टावर हजार फॉलोअर, एक प्रदर्शन, असं बरंच. त्यातलं रोजचं स्केच १९ फेब्रुवारीपर्यंत चाललं, पन्नास दिवस एकही खाडा नाही. मग सासूबाईंना ॲडमिट करावं लागलं, अकरा दिवस मी तिकडंच होते, आणि घरी आल्यावर वहीतली ती अकरा कोरी पानं बघून हातच लागेना. आधी अकरा भरून काढू म्हटलं, मग अकराची वीस झाली, वीसची पन्नास. वही परत उघडली ती थेट गणपतीत.

पण कागद कोरा राहण्याचं खरं कारण वेगळं आहे. शहापुरात माझ्या जायच्या-यायच्या वाटेवर एक जुनं घर होतं. खाली नळीची कौलं, माडीवर मंगळुरी, सागवानी चौकट, वर कोरलेला छोटा गणपती आणि दाराच्या दोन्ही अंगाला पणतीसाठी कोनाडे, वरच्या कमानीला काजळी धरून काळे कुळकुळीत झालेले. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, पेठ वेगळी, विणकरांची वस्ती, त्यामुळं तिथल्या घरांची ठेवणच मला बेळगावपेक्षा वेगळी वाटते. दोन वर्षं मी म्हणत होते की एक रविवार इथं समोरच्या कट्ट्यावर बसायचं. दिवाळीची सुट्टी संपवून कामावर निघाले तर तिथं जेसीबी. चौकट टेम्पोत आडवी टाकलेली, कौलं रस्त्याकडेला रचून ठेवलेली आणि एक माणूस ती दहा-दहा करून मोजून घेत होता. माझ्याकडं त्या घराचं एवढंच आहे, एका कॅश स्लिपच्या मागं पेन्सिलनं काढलेला डावीकडचा कोनाडा आणि अर्धी चौकट. फोनमध्ये एक फोटोसुद्धा नाही.

तेव्हापासून वाटतंय की पुढचं अख्खं वर्ष फक्त ही घरं काढावीत, बाकी काही नको. पण मग भीती वाटते की फिगर राहील, ऑईल राहील, बाकीचे पुढं जातील आणि मी एकाच विषयात अडकेन. शिवाय "घरं काढणार" एवढं लिहून चालतं का, का आकडा पाहिजेच? आकडा लिहिला की मागच्यासारखं होणार अशी धास्ती. तुम्ही वर्षाचं कसं ठरवता, काय लिहिता, काय सोडून देता ते मोकळेपणानं सांगा. प्रदर्शनाचं लिहावं का तेही सांगा.

ड्रॉईंगसर_निवृत्त

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये ३१ वर्षं ड्रॉईंग शिकवलं, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली, म्हणून थोडं लांबलं तरी चालवून घ्या.

एकाच विषयात अडकेन हे मनातून काढून टाका. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला माणूस, परत येऊन कोटितीर्थाच्या परिसरात राहिला आणि तिथलंच तळं, तिथलीच झाडं, तिथलंच पाणी रंगवत राहिला. आज त्या चित्रांत पाण्यावरचा उजेड बघा, कुठल्या वेळेचा आहे ते कळतं. तिकडं फ्रान्समध्ये मोने या चित्रकारानं १८९०-९१ मध्ये घराजवळच्या शेतातल्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. विषय काय, तर आपल्याकडं सुगी झाली की कडोली-येळ्ळूरच्या शिवारात पिंजराच्या गंज्या उभ्या राहतात तसाच. गंजी तीच, पण सकाळची वेगळी, बर्फातली वेगळी, मावळतीची वेगळी. विषय एक धरला की "आज काय काढू" यात जाणारा वेळ वाचतो आणि तो सगळा बघण्यात जातो. आणि आपण तर के. बी. कुलकर्णींच्या गावात राहतो. त्यांनी बेळगावात राहून शिकवलं, रंगवलं, आणि रवी परांजपे, जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले. गाव लहान म्हणून काम लहान होत नाही.

आकड्याचं म्हणाल तर मी दिवसांचा आकडा कधीच लिहीत नाही, कागदाचा लिहितो. इंपिरियल शीट २२ बाय ३० इंच असते. तिचे आठ तुकडे केले की ११ बाय साडेसातचा एक तुकडा येतो, मांडीवर पॅड ठेवून रस्त्याकडेला बसायला हा साईज एकदम बरोबर. सात शीट घेतल्या की ५६ तुकडे. आठवड्याला एक धरलं तर ५२ लागतात, वर चार बिघडवायला. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सातही शीट कापून गठ्ठा करून ठेवा, ३०० जीएसएमचाच घ्या, पातळ घेतलात तर पाणी पडलं की उचलतो. आता आठवडा चुकला तर वहीत कोरं पान दिसत नाही, गठ्ठा थोडा जाड राहतो एवढंच. पुढच्या रविवारी दोन काढा नाहीतर नका काढू, डिसेंबरपर्यंत गठ्ठा उतरला पाहिजे. मी स्वतः सहा वर्षं असंच करतोय, दोन वर्षं गठ्ठा संपला नाही, उरलेले पुढच्या वर्षात घातले.

आणखी एक. कौलं एकेक काढत बसू नका, नवीन माणूस तिथंच थकतो. वळचणीची पहिली ओळ नीट, प्रत्येक कौल गोल दिसेल अशी काढा, वरचा उतार सावलीच्या तिरक्या पट्ट्यांवर सोडा, डोळा बाकीची कौलं आपोआप लावून घेतो. बर्न्ट सिएना या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळला की जुन्या कौलाच्या सावलीचा तो करडा मिळतो, काळा रंग डबीतून काढूनच ठेवा.

सीबीटी_बाकडं

सरांचं कागदाचं गणित भारी आहे, पण ताई, आकड्याची एवढी धास्ती घ्यायची हे मला नाही पटलं. मला आकड्यानंच तारलं.

मी कुरियरमध्ये आहे, दिवसभर गाडीवर. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, १०० माणसं काढायची, सीबीटीवर म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर बसलेली. बस ते एकच, दुसरं काहीच लिहिलं नाही. दुपारी डबा खायला तिकडं जातोच, जेवून झालं की पंधरा मिनिटं खानापूरच्या प्लॅटफॉर्मसमोरच्या बाकड्यावर. माणूस किती वेळ बसंल ते आपल्या हातात नाही, बस लागली की उठलाच. त्यामुळं झक्कत आधी पाठीची रेघ आणि डोकं, मग पिशवी, मग वेळ उरला तर तोंड. पहिले तीस तर सगळे पोत्यासारखे झाले. चाळीसच्या पुढं कधीतरी एक म्हातारी आली, टोपलीवर दोन्ही हात ठेवून तशीच डुलकी लागलेली, तिचे हात पहिल्यांदा मला हात वाटले. तो आकडा नसता तर तिसाव्यालाच सोडलो असतो. १०० व्हायला सव्वा वर्ष लागलं, लागू दे की.

ताई, त्या अकरा दिवसांचं सांगू का. ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, तसं काही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या लोकांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशेब आला. आणि त्यातच आलंय की मधी एखादा दिवस चुकला तर सवयीला फारसा धक्का लागत नाही. तुम्ही पन्नास दिवस काढलाय म्हणजे बहुतेक सवय लागतच आली होती. वहीनं तुमचं काय वाकडं केलं नाही, ती कोरी पानं भरून काढायचं जे डोक्यात घेतलं त्यानं केलं. चुकलं तिथं तारीख सोडून पुढच्या पानावर जायचं, मागं वळून भरायचंच नाही. मी आता हेच करूलालोय आणि जमूलालंय.

ब्रशवाला_निपाणी

ताई नमस्कार. मी आर्टिस्ट वगैरे न्हाई, बोर्ड पेंटर हाय. निपाणीत पंचवीस वर्षं झाली, दुकानाचे बोर्ड, ट्रॅक्टरची ट्रॉली, भिंती, शिवजयंतीला चित्ररथाचे पडदे. बेळगावला वैशाखात मिरवणूक असते त्याचेपण पडदे दोन-तीन मंडळांचे केलेत, रात्रभर जागून. आता फ्लेक्समुळं बोर्डाचं काम चार आण्यावर आलंय, तरी हात थांबला तर माणूस थांबतो म्हणून मीपण दरवर्षी ठरवतो काहीतरी.

माझं यंदाचं सांगतो. आपल्या भागात बोर्ड दोन्ही भाषेत लागतो, मराठी मला झोपेत जमतं, कन्नड मी आजवर कुणीतरी कागदावर लिहून दिलेलं बघून उतरवत आलो. वाचता येतं, पण अक्षर माझं स्वतःचं न्हवतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, दोरा मारला की निम्मं काम झालं. कन्नडला ती रेघच न्हाई, अक्षर खाली बूड टेकून बसतं, गोल गोल, आणि डोक्यावर तलेकट्टूची बारकी शेंडी, ती शेंडी चुकली की अक्षर उघडं दिसतं. तवा यंदाचं ध्येय एकच, कन्नडची सगळी अक्षरं न बघता, दोन मापात, फ्लॅट ब्रशनं. रोज रात्री जेवल्यावर अंगणातल्या शहाबादी फरशीवर नुसत्या पाण्यानं काढतो. पाण्याचं अक्षर दोन मिनिटात वाळतं, परत फरशी मोकळी. रंग लागत न्हाई, कागद लागत न्हाई, बिघडलेलं कुणाला दिसत न्हाई. दिवाळीपासून सुरू केलंय, पोरगी शेजारी बसून चुका काढती, ती कन्नड मीडियमला हाय.

तुमच्यासाठी एकच सांगायचं हाय. चित्र आवडीच्या क्रमानं काढू नका, घर पडायच्या क्रमानं काढा. कुठल्या घरात वाटण्या चालल्यात, कुठं बिल्डर येऊन गेलाय, कुठली माडी गेल्या पावसात खचली हे गल्लीतल्या किराणावाल्याला नक्की म्हाईत असतंय. ती घरं आधी. चांगलं, धडधाकट घर पुढच्या वर्षीपण उभं असणार हाय. आणि घरावर कुणाचा जुना हातानं लिहिलेला बोर्ड दिसला तर तो बोर्डपण काढा ताई, आमची बिरादरी कुठं सही करत न्हाई.

कौलारू_अनगोळ

ब्रशवाले दादा, "पडायच्या क्रमानं" हे वाचून अंगावर काटा आला. आज डब्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीसमोरच्या किराणा दुकानात विचारलं. पाच मिनिटांत अकरा घरं सांगितली त्यांनी, बोटावर मोजून, त्यातल्या चार घरांचं मे-जूनच्या आत काहीतरी होणार म्हणाले. सात वर्षं मी त्या रस्त्यानं जातेय आणि हे कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं.

सर, शीटचं पक्कं केलं, रविवारी कापते. सीबीटीवाले दादा, मागं वळून भरायचं नाही हे मी कपाटाच्या दारावर लिहिलंय, जुन्या यादीच्या जागी.

आता दोन शंका. एक, पाऊस. जून ते सप्टेंबर बाहेर बसताच येत नाही, आणि घरातसुद्धा वॉश वाळत नाही, गेल्या जुलैत दोन चांगले कागद डागाळले. दोन, प्रदर्शन. ते यादीत ठेवू की नको?

खानापूरची_पुण्यात

ताई, मी मूळची खानापूरची, पुण्यात इलस्ट्रेशनची कामं करते, लहान मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं वगैरे. पावसाचं आधी सांगते कारण त्यात मी लहानाची मोठी झालेय.

तुमचे कागद डागाळले म्हणजे बहुतेक सायझिंग गेलं. वॉटरकलर कागदावर सरसासारखा एक थर असतो, तो दमट हवेत खराब झाला की रंग वर तरंगायच्या ऐवजी टिपकागदासारखा आत जातो आणि ठिपके उठतात. तो कागद परत दुरुस्त होत नाही, त्यावर पेन्सिल करा. म्हणून मेच्या शेवटी उरलेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नवीन बुटांच्या बॉक्समध्ये त्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या आत टाकून, तोंड बंद करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. रंगाची डबी काम झाल्यावर लगेच मिटू नका, रात्रभर उघडी ठेवा, नाहीतर डबीतल्या रंगाच्या वड्यांना बुरशी येते. आणि पावसाचे चार महिने रंगाचे धरूच नका ना. ते फिगरचे धरा! तुम्हाला फिगर राहील अशी भीती होती, तर जून ते सप्टेंबर घरात बसून त्या घरांतली माणसं काढा, पेन्सिल किंवा बॉलपेननं. आपल्याकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं सरळ नसतंच. उन्हाळ्यात धूळवाफ पेरणी, मग पाऊस, मग सुगी, असं ते चालतं, मग चित्रांचं वर्षसुद्धा तसंच पाडलं तर काय बिघडलं.

आता प्रदर्शन. मी चार वर्षं फ्रीलान्स करून एवढं शिकले की यादीत दोन जातीच्या गोष्टी मिसळल्या की माणूस रडतो. काही गोष्टी पूर्ण माझ्या हातात असतात, काही दुसऱ्या कुणाच्या. तुमच्या जुन्या यादीतलं बघा, हजार फॉलोअर हे तुमच्या हातात नव्हतंच, आणि तरी ते रोजच्या स्केचच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी आता दुसऱ्या जातीचं सगळं पहिल्या जातीत बदलून लिहिते. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र लागावं असं मी लिहीत नाही, तिथं दोन चित्रं वेळेत पाठवेन असं लिहिते. ती संस्था १८८८ पासूनची आहे, देशभरातून चित्रं येतात, निवड करणारे ते, पाठवणारी मी. पहिल्या वर्षी नाही लागलं, वाईट वाटलं, पण यादीवर बरोबरची खूण करता आली कारण पाठवलं होतं. कर्नाटक ललितकला अकादमीचंही बघा, आपलं गाव त्या राज्यात आहे आणि भाषेमुळं बिचकून आपली पोरं तिकडं अर्जच करत नाहीत, हे मला मनापासून खटकतं.

तुमचं स्वतःचं प्रदर्शन मात्र या वर्षी नका लिहू असं मी म्हणेन. वर्षाअखेरीस गठ्ठ्यातली वीस चित्रं तुम्हाला स्वतःला भिंतीवर बघावीशी वाटली तर पुढच्या डिसेंबरात लिहा. कोल्हापूरला शाहू स्मारकाचं दालन आहे, टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णींच्या नावाची गॅलरी आहे, बुकिंग आधी करावं लागतं, आणि फ्रेमिंगला चित्रांपेक्षा जास्त पैसे जातात हे आत्ताच ध्यानात ठेवून महिन्याला थोडे बाजूला टाका. सगळ्या चित्रांचा साईज सारखाच असणार आहे तुमचा, त्यामुळं माउंट एका मापात कापून घेता येतील, तो मोठा फायदा.

सीबीटी_बाकडं

पुण्याच्या ताईंचं एकदम बरोबर. फक्त एक जोडतो, प्रदर्शन नको तर नको पण कुणालातरी दाखवायचं ठेवा. मी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझी वही एका दोस्ताला देतो, तो मेकॅनिक आहे, चित्रातलं त्याला काही कळत नाही म्हणतो, पण "ह्याचा पाय आखूड आहे की रे" हे बरोबर सांगतो.

ड्रॉईंगसर_निवृत्त

फिगर पावसाळ्यात, ही कल्पना मला फार आवडली. शाळेत मी पावसाळ्यात स्टिल लाईफ लावायचो, तांब्या, फडकं आणि दोन कांदे, मुलं कंटाळायची. हे आधी सुचायला हवं होतं.

मागाची_खोली

मी इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितोय. आमच्याकडं बायका पण असंच बोलतात, येतो, करतो, तेव्हा हसू नका.

ताई, तुम्ही म्हणता त्या भागातच आमचं घर आहे. सासऱ्यांचे वडील, सासरे, माझे मिस्टर, तीन पिढ्या त्या घरात माग चालला. खड्ड्याचा माग, म्हणजे विणणारा जमिनीत पाय सोडून बसतो ना तो. माझं लग्न होऊन आलो तेव्हा दोन माग चालू होते, पहाटे पाचला ठकठक सुरू व्हायची, पहिला महिना झोपच लागली नाही आणि मग माहेरी गेलो तर आवाज नाही म्हणून झोप लागेना. मग साड्यांना उचल राहिली नाही, एक माग विकला, दुसरा मोडून जळणाला गेला, मिस्टर आता एका दुकानात आहेत. खड्डे सिमेंटनं बुजवले, पण फरशीवर त्या दोन चौकोनांचा रंग अजून वेगळा आहे, पुसलं की जास्तच दिसतो. मी तिथं रांगोळी घालत नाही.

घराची वाटणी झाली आहे, दीर आणि आम्ही. अक्षय तृतीया झाली की पाडणार, पावसाच्या आत पाया भरायचा आहे. घर गळतं, मुलांना खोली नाही, पाडायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही त्या चौकटीचं लिहिलंय ते वाचून मी आत जाऊन आमची चौकट बघून आलो. बाहेरून घर सगळेच काढतील. तुम्ही आतून काढा. सोपा, मागाची खोली, माडीवर जायची लाकडी शिडी, तिची तिसरी पायरी झिजून वाटीसारखी झालीय. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या सूत भरायच्या, अजून बोटं तशीच हलवतात बसल्या बसल्या. त्यांना पण काढा. तुमच्या त्या क्रमात आमचं पहिलं घाला.

ब्रशवाला_निपाणी

वहिनी, वाचून गप्प बसलो. ताई, आता यादी वगैरे बाजूला ठेवा आणि जावा.

कौलारू_अनगोळ

वहिनी, मी हे ऑफिसात वाचलं आणि काउंटरवरच्या माणसाला दोनदा पैसे मोजून दिले.

जाणारच. कागदावर आता काय लिहिलंय ते सांगते, कोरा होता म्हणून तुम्हा सगळ्यांना त्रास दिला होता. अक्षय तृतीयेपर्यंत वहिनींचं घर, आतून, निदान दहा तुकडे, आणि किराणावाल्यांनी सांगितलेली बाकीची तीन घरं बाहेरून प्रत्येकी दोन. पावसाच्या चार महिन्यांत रंग बंद, फक्त माणसं, सुरुवात वहिनींच्या सासूबाईंपासून, त्यांचे हात आधी. सुगीनंतर राहिलेली घरं, गठ्ठा संपेल तेवढी. अकादमीला आणि मुंबईला मिळून तीन चित्रं पाठवायची, लागो न लागो. ऑईल या वर्षी नाही, हे लिहिताना जरा दुखलं पण लिहिलं. प्रत्येक तुकड्याच्या मागं पेन्सिलनं तारीख, गल्ली, आणि घरातल्या माणसांनी जे सांगितलं ते, त्यांच्याच शब्दांत. इन्स्टाचं काहीच लिहिलं नाही.

आणि दर महिन्याला गठ्ठा बघायला कुणीतरी हवं. सर, तुम्ही बघाल का? वाचनालयात भेटलं तरी चालेल, मी येईन.

वहिनी, या रविवारी येऊ का? स्टूल माझं मी आणते, तुम्ही काही करत बसू नका.

ड्रॉईंगसर_निवृत्त

बघेन की. दर महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा. पहिल्या दिवशी रंग नेऊ नका ताई, नुसती पेन्सिल न्या, एक तास काहीच न काढता बसा आणि मग सुरू करा. त्या बुजवलेल्या खड्ड्यांची फरशी काढताना कडा कडक ठेवू नका, एक बाजू ओली ठेवून सोडा.

मागाची_खोली

या की. पत्ता मेसेजमध्ये टाकलाय, बोळात शिरल्यावर डावीकडं तिसरं दार. सकाळी साडेसातला ऊन सरळ मागाच्या खोलीत येतं आणि नऊच्या आत शेजारच्या बिल्डिंगमागं जातं, तेव्हा त्याआधी पोचा. स्टूल आणू नका, सासरे बसायचे ती फळी अजून आहे.